नखाला न लागलेला आकडा

नख अडकले तर काम अपुरे, असा आमच्या रंगशाळेचा नियम होता. रोगणाचा शेवटचा हात वाळला की रंगाऱ्याने डोळे मिटायचे आणि अंगठ्याचे नख पृष्ठभागावरून सावकाश ओढत न्यायचे. एखादा खळगा, धुळीचा एखादा कण, ब्रशचा एखादा केस जरी नखाला लागला, तरी तो भाग पुन्हा कोऱ्या धातूपासून सुरू करायचा. वेदरली मोटारीच्या अंगावर रंग आणि रोगण मिळून बावीस हात चढत, आणि प्रत्येक हात वाळायला एक दिवस लागे, दमट हवेत दोन. त्या दिवसांत रंगशाळेची जमीन ओली ठेवलेली असे आणि खिडक्यांना मेणकापड लावलेले असे. आत येणाऱ्याने लोकरीचा कोट दाराबाहेर काढून ठेवायचा आणि शक्यतो बोलायचे नाही, कारण बोलताना थुंकीचे सूक्ष्म कण उडतात. नियमातला हा शेवटचा भाग मला फार प्रिय होता. न बोलण्याबद्दल माणसाला पगार मिळावा, अशी जगात ती एकच जागा मला ठाऊक होती.

मला तिथे लोरेन्झमामांनी आणले. मी नऊ वर्षांचा असताना माझी आई गेली, आणि तिच्या या अविवाहित भावाने मला वाढवले. कालव्याजवळच्या एका पाव-भट्टीवरच्या दोन खोल्यांत आम्ही राहत असू. घरात आम्ही कामाविषयी बोलत नसू. खरे तर फारसे कशाविषयीच बोलत नसू. सूप, राय धान्याचा काळा पाव, खिडकीतली एकच खुर्ची, आणि ती दोघेही एकमेकांसाठी रिकामी ठेवत असू, एवढेच आमचे कुटुंबजीवन.

मामा वेदरलीच्या कारखान्यात मुख्य जोडारी होते. उत्तरेकडच्या नव्या कारखान्यांत तेव्हा यंत्रे एकासारखे एक हजार भाग कापून टाकू लागली होती, आणि कुठलाही भाग कुठल्याही मोटारीत बसत असे. आमच्या गावी, हार्लन्सबर्गात, तसे नव्हते. आमच्याकडे ओतीव भाग खडबडीत येत. जोडारी ते बाकावरच्या शेगड्यात घट्ट आवळून धरून, निळा रंग लावून, एकावर एक टेकवून, जिथे निळे पुसले जाई तिथे कानस मारून, असे आठवडेच्या आठवडे एकमेकांना बसवत. मागच्या आसाच्या दातेरी चक्रांवर बसणारे कवच दोन वाट्यांचे असे, डावी आणि उजवी. मामा त्यांना नवराबायको म्हणत.

"घासून घासून ती एकमेकांची होतात," ते म्हणायचे. "दुसऱ्याच्या बायकोशी लाव, दिसेल छान. पण वीस मैलांत कुरकुर सुरू."

"आमच्याकडे लग्नाच्याच बायकोशी वीस मैलांत सुरू झाली," गॅरिटी म्हणायचा. गॅरिटी हा मामांचा मदतनीस, पन्नाशीचा आयरिश माणूस. त्याचे तोंड थांबलेले मी पाहिले ते एकदाच, आणि तो प्रसंग पुढे येणारच आहे.

मोटार पूर्ण जोडून झाली की ती रंगाविना शंभर मैल चालवत, मग पुन्हा सुटी करत, आणि सुटे भाग रंगशाळेत येत. सुटे करण्यापूर्वी मामा प्रत्येक जोडलेल्या भागाच्या कडेवर मोटारीचा आकडा पोलादी ठशाने उमटवत. घाव हलका असे, कारण ओतीव लोखंडाची कड ठिसूळ. जोर झाला तर तडा जातो. रंगून आलेले भाग पुन्हा जोडताना ते हे आकडे अंगठ्याने वाचत. पाहणाऱ्याला ती कसबी माणसाची ऐट वाटे. मामांची नजर गेली दोन वर्षे मंदावत चालली आहे, दोन्ही बुबुळांवर दुधाळ साय धरली आहे, हे गावात फक्त मला ठाऊक होते. वेदरलींचा कारखाना मिटला असता तर त्या बासष्ट वर्षांच्या, अंगठ्याने पाहणाऱ्या जोडाऱ्याला दुसऱ्या कुणीही दारात उभे केले नसते.

आणि कारखाना मिटायला आला होता. तीन वर्षांत आम्ही तीसच मोटारी बांधल्या होत्या. मालक, मिस्टर ॲम्ब्रोज वेदरली, मूळचे घोडागाड्या बांधणारे. त्यांना कुठलीही गोष्ट घाईने झालेली पाहवत नसे. डिसेंबरच्या आरंभी त्यांनी सगळ्यांना एकदाच जमवून सांगितले: फेब्रुवारीत शिकागोला प्रदर्शन आहे. तिथले मोठे विक्रेते मिस्टर प्रुइट आपली एक मोटार पाहणार आहेत आणि तळ्याकाठी चालवूनही बघणार आहेत. ती दिसते तितकीच शांत चालली, तर ते वर्षाला चोवीस घेतील. नाही, तर मार्चनंतर आपला भोंगा वाजणार नाही. एवढे बोलून त्यांनी टोपी घातली आणि ते पावसाळी चेहऱ्याने कचेरीत निघून गेले.

त्याच आठवड्यात ते रंगशाळेत आले. माझे गुरू बास्कमबाबा, ज्यांनी चाळीस वर्षे घोडागाड्या रंगवल्या होत्या, ते खोकल्यापायी ऑक्टोबरातच लेकीकडे कॅन्ससला गेले होते, आणि चोविसाव्या वर्षी ती सगळी शांतता माझ्या एकट्याच्या ताब्यात आली होती. मालकांनी कोट बाहेर काढून ठेवला, ओल्या जमिनीवरून चवड्यांवर चालत ते रंगून ठेवलेल्या तिसाव्या मोटारीच्या आसापाशी वाकले. गर्द हिरव्या, आरशासारख्या कडेवर आकडा उघडा दिसत होता.

"गुरांना डागतात तसं वाटतं," ते हळू म्हणाले. आणि गेले.

ती आज्ञा नव्हती. पण जी माणसे कमी बोलतात, ती दुसऱ्याचे बोलणे गरजेपेक्षा जास्त ऐकतात.

आकडा उघडा राहण्याचे कारण मला माहीत होते, किंवा माहीत आहे असे वाटत होते. बास्कमबाबा प्रत्येक भागावर लुकण, म्हणजे खळगे बुजवणारा लेप, भरण्यापूर्वी आकड्यावर गुरांच्या चरबीचा एक थेंब लावत. चरबीवर लुकण धरत नाही, रंग धरत नाही. शेवटी फडक्याने पुसले की आकडा जसाच्या तसा. ते असे का करतात, हे मी त्यांना तीन वर्षांत कधी विचारले नाही. विचारायचे तर बोलावे लागले असते. म्हाताऱ्या माणसाची खोड, आकडे भरण्याचा कंटाळा, असे काहीतरी मी मनाशी ठरवून टाकले होते, आणि माझ्या हाती कारभार आला की ही उणीव भरून काढायची, असेही.

एकतीस, बत्तीस आणि तेहेतीस या तीन मोटारींचे भाग डिसेंबरच्या मध्यावर एकदम आले. बत्तीस शिकागोला जायची होती. मी चरबीचा डबा फळीवर मागे सारला. ठशाभोवती धातूचा जो बारीक काठ उभा राहतो, तो नखाला लागतो. म्हणून मी आधी कुरुंदाच्या खरखरीत कागदाने तो घासला. मामांचा घाव इतका हलका की चार-पाच फेऱ्यांत काठाबरोबर आकडाही विरघळला. उरलेसुरले लुकणाने भरले. पहिला आकडा नाहीसा होताना मला सुख वाटले, हे मी इथे लिहून ठेवतो. मग सारख्या आकाराचे भाग सारख्या हुकांवर टांगायचे म्हणून डाव्या वाट्या डाव्यांत, उजव्या उजव्यांत, झाकणे झाकणांत अशी मी सगळी सरमिसळ केली. तीन मोटारींचे मिळून दोनशेच्या वर भाग होते. त्यांतला प्रत्येक आकडा मी पाहिला होता, आणि एकही वाचला नव्हता.

फेब्रुवारीतल्या सोमवारी सकाळी भाग फ्लॅनेलमध्ये गुंडाळून जोडणीच्या दालनात गेले. शिकागोची मालगाडी शनिवारी सकाळी निघणार होती. मी गाड्याबरोबर गेलो होतो, कारण मला मामांचा चेहरा पाहायचा होता.

मामांनी एक वाटी उलगडली. अंगठा कडेवरून फिरला. परत फिरला. त्यांनी दुसरी घेतली.

"गॅरिटी, खिडकीचं कापड सार जरा."

"सारलंय की, मास्तर. सूर्यच आजारी आहे, त्याला मी काय करू?"

"बत्तीसची डावी कुठली?"

गॅरिटीने तिन्ही वाट्या उजेडात फिरवून पाहिल्या. "तिन्ही नवऱ्या सारख्याच नटल्यात. तुमची कुठली, तुम्हीच ओळखा." मग तो माझ्याकडे वळला. "काय रे मुक्या, ही मोटार आहे, पियानो नव्हे. आकडे कुठे आहेत?"

मामांनीही मान वर केली. त्यांचे दुधाळ डोळे माझ्या खांद्याच्या थोडे बाजूला स्थिरावले. "अन्सेल्म, बाळा, आकडे कुठे गेले?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळले. चरबीचा थेंब कशासाठी होता, ते कळले. त्या दोनशे भागांचे काय झाले, ते कळले. आणि माझ्या तोंडून बाहेर पडला एकच शब्द.

"लुकणाखाली."

तो खोटा नव्हता. आकड्यांची जागा लुकणाखालीच होती. पण माझ्या त्या शब्दावर तिथल्या सगळ्यांनी आपापले पाय रोवले.

मालकांना बोलावले गेले. मामा त्यांना म्हणाले, "मालक, मला विचाराल तर हे जुने जोडे विसरू या. एक डावी, एक उजवी घेतो, सगळी माणसं लावतो, आणि बत्तीस नव्याने घासून बसवतो. पाच दिवस आहेत. होईल."

"आणि कानशीने रंग उडेल त्याचं?"

"कडा जातील. आतूनच जातील, पण थोड्या बाहेरूनही."

मालकांनी हिरव्या वाटीवर बोटे ठेवली, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावीत तशी. "पण आकडे आहेत ना खाली? मग नव्याने कशाला घासायचं, लोरेन्झ? तुम्ही हाताने जोडे ओळखता. गुरुवारपर्यंत ओळखून पाहा. नाहीच जमलं, तर शुक्रवारी मी स्वतः खरवडून आकडे काढतो. डाग पडलेली का होईना, चालणारी मोटार नेऊ."

"आकडे असतील तर तेही बरोबर," मामा म्हणाले.

मी दाराच्या चौकटीत उभा होतो. दोन पावले पुढे जाऊन एक वाक्य बोलायचे होते. ते वाक्य मी मनात जुळवलेही: मालक, खाली आकडे नाहीत. चार शब्द. मग मला वाटले, 'मालक'ने सुरुवात करावी की 'मामा'ने; आणि या विचारात असताना माणसे पांगली, शेगडे खडखडू लागले, आणि दालनात आवाज इतका झाला की त्यात बोलायचे तर ओरडावे लागले असते. मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो.

मंगळवार आणि बुधवार मामा एका बाकावर बसून वाट्यांना वाट्या लावत राहिले. निळा लावायचा, टेकवायचे, उचलायचे, अंगठ्याने चाचपायचे. पण वाटीबरोबर बेअरिंग हवे, बेअरिंगबरोबर टोपण हवे, आणि तेही तीनांपैकी कुठले हे कुणाला ठाऊक नव्हते. एक जुळले की दुसरे बिनसे. गॅरिटी भाग हातात देत होता आणि विनोद करत होता. बुधवारी दुपारपासून विनोद विरळ झाले.

मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून तिथे जाई. एकदा फ्लॅनेलचे तुकडे न्यायला, एकदा रंगाचा टवका उडाला का ते पाहायला. बुधवारी दुपारी मामा एकटेच होते. मी त्यांच्या बाकाशी जाऊन उभा राहिलो.

"मामा."

"हं."

"थकलात?"

"हात नाही थकले." त्यांनी अंगठा पुसला, त्याची कातडी निळी पडून सोलवटली होती. "तू कशाला वाईट वाटून घेतोस? देखणं काम केलंयस. बास्कमच्यानेही असं झालं नसतं. जा, गार पडशील, कोट नाही अंगावर."

आणि मी गेलो. त्यांनी रागावायला हवे होते. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येते.

गुरुवारी त्यांनी त्यातल्या त्यात शांत वाटलेला जोडा बसवून मोटार उभी केली. इंजिन सुरू झाले, ते गोड चालले. मागची चाके उचलून धरली होती. गिअर टाकताच आसातून एक बारीक, रडका सूर निघाला. मालक हातातली टोपी छातीशी धरून ऐकत होते. सूर चढत गेला. पाच मिनिटांत वाटीवरचे रोगण तापून मऊ झाले आणि त्याचा गोडसर वास सुटला, आणि मग आत काहीतरी तुटल्याचा कोरडा आवाज झाला. मामांनी हात वर केला. इंजिन थांबले. उघडून पाहिले तर चक्राचे तीन दाते गेले होते.

"दुसरी चक्रं आहेत," मामा म्हणाले. "दोन जोडे अजून आहेत. पण आता आंधळ्यासारखं नको."

आंधळा हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की मी तुटलेले दाते वेचायला खाली वाकलो.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मालक आले ते कोट न घालता, बाह्या दुमडून. घोडागाड्यांच्या दिवसांतले, मुठीचे लाकूड झिजलेले एक खरवडायचे पाते त्यांच्या हातात होते. सगळे कामगार जमले होते. मी पुढे होतो, कारण गॅरिटीने मला दंडाला धरून पुढे केले होते. "जागा तूच दाखव. तुझ्या आरशात आम्हाला काय दिसणार?"

मी जागा दाखवली. माझे बोट हिरव्या कडेवर टेकले आणि त्याखाली माझेच बोट मला उलटे दिसले.

त्या वेळी बोलता आले असते. मालक पाते टेकवून क्षणभर थांबलेही होते, डोळे मिटून. मी तोंड उघडले. "मालक," मी म्हणालो. तो आवाज माझ्या ओठांपलीकडे गेला नसावा.

पाते सरकले. रोगणाची लांब, वळलेली साल निघाली. तिच्या कडेला सगळे थर दिसत होते; वर स्वच्छ मधासारखे रोगण, मग हिरवे, मग काळपट हिरवे, मग राखी लुकण, मग शेंदरी. सव्वीस-सत्तावीस दिवस जमिनीवर पडले. खाली पांढरा, कोरा धातू चमकला. त्यावर काहीही नव्हते.

"थोडं डावीकडे असेल," मालक म्हणाले. त्यांनी डावीकडे खरवडले. मग उजवीकडे. मग दुसरी वाटी घेतली. तिसऱ्या वाटीच्या वेळी पाते धातूवर किरकिरले.

मामा पुढे आले. त्यांनी त्या उघड्या जागेवर अंगठा ठेवला, आणि तो तिथे फार वेळ राहिला. मग त्यांनी चेहरा माझ्या दिशेने वळवला. या वेळी डोळे नेमके माझ्यावर होते. अंगठ्याला खरवडलेली जागा आणि कागदाने घासून गुळगुळीत केलेली जागा यांतला फरक कळतो. ते मालकांना म्हणाले:

"माझा हात हलका पडला. उमटलेच नसतील नीट. म्हातारपण, मालक. चूक माझी."

"काय बोलता, मास्तर?" गॅरिटी म्हणाला. "प्रत्येक तुकडा मी धरला होता. उमटले होते."

"तू गप्प बस."

"डोळ्यांनी पाहिलेत मी."

"आणि मी सांगतोय ते—"

"मी घासले," मी म्हणालो.

माझा आवाज तिथे अनेकांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

"कागदाने घासले. मग लुकण भरलं. डिसेंबरात."

गॅरिटीचे तोंड उघडे राहिले, आणि त्यातून काहीच आले नाही.

मामांनी खाली पाहत विचारले, "सोमवारी तुला ठाऊक होतं?"

"हो."

"सोमवारी सांगितलं असतंस तर मी नवा जोडा घासला असता, अन्सेल्म. पाच दिवस होते." त्यांच्या स्वरात राग नव्हता, ते फक्त कामाचा हिशोब लावत होते, आणि तो लागत नव्हता. "पाच पुरे होते."

मालकांनी पाते बाकावर ठेवले. वाकून त्यांनी रोगणाची एक साल उचलली, उजेडात धरली. "किती सुंदर झाली होती," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही.

शनिवारी मोटार शिकागोला गेली. आसाच्या आत चक्रे नव्हती. रिकाम्या वाट्या एकमेकींवर बांधल्या होत्या. खरवडलेल्या जागा मी शुक्रवारभर बसून रंगवल्या होत्या आणि त्या भिंतीकडे येतील अशी मोटार उभी करायची होती. मालकांनी मला बरोबर नेले. का, ते सांगितले नाही. बहुधा धूळ पुसायला कुणीतरी हवे होते.

मिस्टर प्रुइट मंगळवारी आले. ठेंगणे, नीटनेटके गृहस्थ. तेही पूर्वी घोडागाड्याच विकत. त्यांनी हातमोजा काढला, डोळे मिटले, आणि अंगठ्याचे नख बॉनेटपासून मागच्या चाकाच्या मडगार्डपर्यंत ओढत नेले. नख कुठेही अडकले नाही.

"तीस वर्षांत असं काम पाहिलं नाही," ते म्हणाले. "कोणी केलं?"

मालकांनी माझ्याकडे हात केला.

"बरं. आता चला, तळ्याकाठी एक फेरी मारू. आवाज ऐकवा मला हिचा."

मालक एकटे उभे होते, आजूबाजूला इतकी माणसे असून. मला वाटले, ते काही सबब सांगतील. पेट्रोल, थंडी, परवाना. "ती चालत नाही, मिस्टर प्रुइट," ते म्हणाले. "आत काही नाही."

प्रुइट हसले. मग त्यांना हसायचे नाही हे समजले. त्यांनी हातमोजा एकेक बोट करत पुन्हा घातला. जाताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले की त्यांच्या मेव्हण्याचा पियानोचा कारखाना आहे, तिथे रोगणाच्या हाताला नेहमीच जागा असते. मालक ऐकत होते. "जा तू," परतीच्या गाडीत ते मला म्हणाले. तेवढेच बोलले.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी भोंगा वाजला आणि सोमवारी वाजला नाही. गॅरिटी उत्तरेकडे गेला, जिथे कुठलाही भाग कुठेही बसतो. मामांना कुणी बोलावले नाही. यंत्रे लिलावात गेली. तीन न जुळलेल्या मोटारींचे सुटे भाग भंगारवाल्यानेही सावकाशच उचलले. मालकांनी मामांना विचारले की आठवण म्हणून काही हवे का. मामांनी आसाच्या सहा वाट्या मागितल्या, टोपणांसकट, आणि चक्रांचे न तुटलेले दोन जोड.

एप्रिलभर ते त्या खिडकीतल्या खुर्चीवर, आमच्या एकमेव खुर्चीवर, मांडीवर फडके घेऊन बसत. निळा लावायचे, टेकवायचे, उचलायचे. डोळ्यांवरची साय घट्ट होत होती. निळे आता त्यांना दिसत नसावे, ते नुसता ओलावा चाचपत. मी कामाविना घरातच होतो. मी पाणी तापवायचो, सूप करायचो, आणि बोलायचोही: हवा कशी आहे, खालच्या भट्टीत आज कसला पाव आहे. ते ऐकत. सोमवारबद्दल आम्ही बोललो नाही.

पियानोच्या कामासाठी शिकागोला निघायच्या आदल्या दुपारी मी ट्रंक बांधत होतो. दोघांचे कपडे तिच्यात मावले होते.

"अन्सेल्म, ऐक."

मी हातातले सोडून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन वाट्या एकत्र धरल्या होत्या, आत चक्रे बसवली होती, आणि आसाचा तुकडा ते बोटांनी फिरवत होते. मी कान जवळ नेला. काहीच ऐकू आले नाही. चक्रे फिरत होती आणि आवाज नव्हता. खालून रस्त्यावरच्या घोड्याची टाप येत होती, ती ऐकू येत होती.

"हा जोडा," ते म्हणाले. "बत्तीसच. हाताला आठवतोय." आणि मग, "ठशांची पेटी दे."

मी दिली. त्यांनी चाचपून दोन ठसे काढले. "हा तीन ना? हा दोन?"

"हो, मामा."

त्यांनी वाटी खिडकीच्या दगडी चौथऱ्यावर टेकवली, ठसा धरला आणि हातोडी उचलली. चाळीस वर्षे ज्या हाताने हलके घाव घातले होते, तो हात त्या दिवशी खांद्यापासून आला. कुणाच्याही कागदाने कधीही पुसला जाणार नाही, असा घाव. तीन उमटला. दोन उमटला. दुसऱ्या घावाबरोबर एक बारीक, स्वच्छ आवाज आला, काचेच्या पेल्याला चमचा लागावा तसा.

"नीट उमटला?" त्यांनी विचारले.

मी कड उजेडाकडे वळवली. आकडा खोल, काळाभोर बसला होता. त्याच्या टोकापुढे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. मी डोळे मिटले आणि नख फिरवले. ते अडकले, आणि अडकतच कडेपर्यंत गेले.

"उमटला," मी म्हणालो. "पण तडा गेलाय, मामा. आरपार."

"हं," ते म्हणाले. "कळलं मला, हातातच." त्यांनी हातोडी खाली ठेवली, फ्लॅनेल मागितले, आणि दोन्ही वाट्या एकाच तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. ट्रंकेत त्यांच्यासाठी जागा करायला मी माझा लोकरीचा कोट बाहेर काढला.